दप्तर हलविताना

या विषयाचे नाव व्याख्यानमालेच्या फलकावर लागले तेव्हा आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यातच गाठले. महसूल खात्यात उभा जन्म घालवून ते निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, “अहो, डेटाबेस म्हणजे दप्तरच ना? मग एका कपाटातले दप्तर दुसऱ्या कपाटात ठेवायला तासभर व्याख्यान कशाला? दोन हमाल पुरेत.” प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर देताना आमची बरीच त्रेधा उडाली हे कबूल केले पाहिजे. कारण हे कपाट बदलले की दप्तराची मांडणी बदलते. मांडणी बदलली की दप्तराला कोणते प्रश्न विचारता येतील तेही बदलते. आणि मुख्य गोष्ट अशी की, जुन्या कपाटाशेजारी बसून चुकीचा कागद आत जाऊ न देणारा जो एक कारकून होता, तो नव्या कपाटाबरोबर येत नाही. आमचे सारे विवेचन या कारकुनाभोवती फिरणार आहे.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा आहे असे कोणी समजू नये. रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते, विजेचे बिल, मुलांच्या शाळेचा प्रवेश, दवाखान्यातला केसपेपर, अशा किती ठिकाणी आपले नाव लिहिलेले आहे याची आपली आपल्यालाच कल्पना नसते. ही ठिकाणे अधूनमधून बदलतात. एखाद्या रविवारी ‘तांत्रिक कामासाठी सेवा बंद राहील’ असा निरोप येतो, त्यामागे पुष्कळदा हेच दप्तर हलविण्याचे काम असते. सोमवारी आपले नाव तेच असते. ते ज्या कागदावर लिहिले आहे तो मात्र निराळा असू शकतो.

डेटा या शब्दाला मराठीत विदा असा प्रतिशब्द योजला गेला आहे. शब्द चांगला आहे, पण तो अजून तोंडी रुळलेला नाही. म्हणून आम्ही माहिती हा साधा शब्द आणि डेटाबेससाठी कोठार हा शब्द वापरणार आहोत.

प्रथम जुने कपाट पाहू, आणि उदाहरण आमच्या स्नेह्यांच्याच खात्यातले घेऊ. सातबाराचा उतारा आपण सर्वांनी पाहिला आहे. पण त्याला सातबारा का म्हणतात हे आम्ही तरुण मंडळींना विचारतो तेव्हा बहुधा उत्तर येत नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, तिच्यावर बोजा कोणाचा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. ही मुळात दोन वेगळी कोष्टके आहेत. दोहोंत समान काय, तर जमिनीचा गट क्रमांक. तो धागा धरून दोन्ही नोंदी एका कागदावर उतरविल्या की सातबारा तयार होतो. त्याच दप्तरात आठ-अ हा आणखी एक नमुना आहे. त्यात उलट बाजूने, म्हणजे खातेदाराच्या नावाखाली, त्याची त्या गावातली सगळी जमीन दिसते. आणि जमिनीच्या हक्कात कोणताही बदल झाला की तो आधी नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत यावा लागतो.

रिलेशनल डेटाबेस म्हणून ज्याला म्हणतात ते हेच. माहिती विषयवार कोष्टकांत मांडावयाची. एक गोष्ट शक्यतो एकाच ठिकाणी लिहावयाची. आणि एखाद्या क्रमांकाच्या आधारे कोष्टके जोडून हवा तो उतारा हवा तेव्हा काढावयाचा. या पद्धतीला गणिताचा पाया दिला एडगर कॉड यांनी. हे गृहस्थ जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते आणि पुढे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत. त्यांचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. जाता जाता एक गैरसमज दूर करू. ‘रिलेशनल’ म्हणजे कोष्टकाकोष्टकांत नाती असलेले, असा अर्थ पुष्कळजण सांगतात. काही क्रमिक पुस्तकांतूनही तो आढळतो. कॉड यांना तो अभिप्रेत नव्हता. रिलेशन हा गणितातला पारिभाषिक शब्द असून खुद्द कोष्टकालाच ते रिलेशन म्हणत.

कॉड यांनी नवे काय केले हे समजण्यासाठी त्यांच्या आधीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. चंद्रावर माणूस उतरविण्याच्या अपोलो योजनेतील असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आय.बी.एम.ने १९६० नंतरच्या दशकात जे कोठार उभारले, त्याची मांडणी झाडासारखी होती. खोडापासून फांदी, फांदीपासून डहाळी, असे उतरत जावे लागे. चार्ल्स बॅकमन यांनी त्याच दशकात घडविलेल्या दुसऱ्या एका पद्धतीत नोंदीपासून नोंदीकडे जाणाऱ्या वाटा आखलेल्या असत. १९७३ साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नौका हाकणाऱ्याची उपमा दिली होती. उपमा सुंदर आहे, परंतु तिच्यातच अडचणही आहे. ज्याला सागराच्या वाटा ठाऊक नाहीत त्याने माहिती मागूच नये, असा तिचा अर्थ होतो. कॉड यांचे म्हणणे असे की, काय हवे ते तुम्ही सांगा. कोणत्या वाटेने जाऊन आणावयाचे ते यंत्र पाहील. पुढे १९७४ च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेत या मागणीची भाषा तयार झाली. तीच आजची एसक्यूएल.

आता त्या कारकुनाकडे वळू. कोष्टकांच्या कोठारात तो मुख्यतः तीन कामे करतो. पहिले, प्रत्येक रकान्यात काय बसते ते पाहणे : तारखेच्या रकान्यात तारीखच, रकमेच्या रकान्यात आकडाच. दुसरे, नसलेल्या माणसाच्या नावे काही होऊ न देणे. सभासदांच्या कोष्टकात ज्याचा क्रमांक नाही त्याच्या नावे कर्जाची नोंद करू गेलात, तर तो ती नाकारतो. वरिष्ठांचा फोन आला तरी नाकारतो. तिसरे काम सर्वांत नाजूक. एका खात्यातून पाचशे रुपये काढून दुसऱ्यात घालावयाचे आहेत, आणि काढल्यावर पण घालण्यापूर्वी वीज गेली, तर पाचशे रुपये हवेत विरतात. कारकून या दोन नोंदींना एकच नोंद मानतो : झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. बँकेच्या खात्यातील शिल्लक आपण निर्धास्तपणे पाहतो ती या तिसऱ्या कामाच्या जोरावर.

मग असा गुणी कारकून सोडून लोक बाहेर का पडले? हौस हे एक कारण होतेच. आमच्या व्यवसायातही फॅशन असते. पण खरे कारण गर्दी. कारकून एका टेबलाशी बसलेला असतो तोवर सारे ठीक चालते. माणसे वाढली की टेबल मोठे करता येते, म्हणजे अधिक मोठे यंत्र आणता येते. पण यंत्राच्या आकाराला आणि किमतीला मर्यादा आहे. तिच्यापलीकडे माहिती अनेक यंत्रांत वाटावी लागते. मग एका यंत्रातले कोष्टक दुसऱ्या यंत्रातल्या कोष्टकाशी जोडणे, आणि दोन यंत्रांतल्या नोंदींना एकच नोंद मानणे, हे फार महाग पडू लागते.

अमेझॉन या दुकानावर हा प्रसंग २००४ साली नाताळच्या खरेदीच्या हंगामात आला. गर्दीने त्यांची कोठारे कोलमडली. त्यानंतर तेथील मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपण या कोठाराला प्रत्यक्षात विचारतो तरी काय, हे त्यांनी मोजून पाहिले. त्यांचे तंत्रप्रमुख वर्नर फोगेल्स यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे शंभरांतले सुमारे सत्तर व्यवहार असे निघाले की, एक क्रमांक द्या आणि त्याची एक ओळ घ्या. आणखी वीस व्यवहारांत ओळी अनेक, पण कोष्टक एकच. म्हणजे कोष्टके जोडण्याची जी विद्या, तिच्यावाचून नव्वद टक्के काम भागत होते. या निरीक्षणातून डायनॅमो हे कोठार जन्मले आणि त्यावरचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात न कोष्टकांची जोड, न मागणीची भाषा. किल्ली द्या, गाठोडे घ्या.

या डायनॅमोची एक गंमत सांगण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाने वस्तू टोपलीत टाकली की ती घेतलीच पाहिजे, ‘थांबा’ म्हणावयाचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. यंत्रायंत्रांतला संपर्क तुटला तर एकाच टोपलीच्या दोन प्रती होत, आणि संपर्क जुळल्यावर त्या एकत्र करीत. एकत्र करताना टाकलेली वस्तू हरवत नसे. परंतु गिऱ्हाइकाने काढून टाकलेली वस्तू कधीकधी पुन्हा टोपलीत प्रकट होई! हे त्यांच्या निबंधातच प्रांजळपणे लिहिले आहे. टोपलीत नको असलेली कढई पुन्हा दिसली तर गिऱ्हाईक ती पुन्हा काढून टाकील, फार तर कपाळाला आठ्या घालील. पण तीच गोष्ट पतपेढीतल्या पैशांची असती तर? त्यांनी हा धोका जाणून पत्करला होता, आणि टोपलीपुरता पत्करला होता. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांपैकी कित्येकांनी निबंधातला हा परिच्छेद वाचलाच नसावा असे आम्हांस वाटते.

हा पेच टाळता येण्यासारखा नाही. एका पतपेढीच्या दोन शाखा आहेत आणि त्यांच्यातला फोन बंद पडला आहे असे समजा. एका शाखेत खातेदार पैसे काढावयास आला. आता दोनच मार्ग आहेत. ‘फोन सुरू होईपर्यंत थांबा’ म्हणावे, म्हणजे हिशेब खरा राहील पण खिडकी बंद होईल. किंवा आपल्या वहीवर विसंबून पैसे द्यावे, म्हणजे खिडकी उघडी राहील पण त्याने सकाळीच दुसऱ्या शाखेतून पैसे काढले असतील तर हिशेब चुकेल. दोन्ही साधण्याचा तिसरा मार्ग नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० साली हे मत मांडले आणि २००२ साली गिल्बर्ट व लिंच या दोघांनी ते गणिताने सिद्ध केले. विक्रेते काहीही सांगोत, जुन्या कोठारालाही यातून सुटका नाही आणि नव्यालाही नाही.

नव्या कोठारांना मिळून नोएसक्यूएल असे नाव पडले. नाव १९९८ सालचे, एका वेगळ्याच गोष्टीसाठी वापरलेले. या अर्थाने ते २००९ साली सॅन फ्रान्सिस्को येथील एका बैठकीनंतर रूढ झाले. त्यांच्या जाती मुख्यतः चार. किल्ली आणि गाठोडे ही एक. दुसरीत प्रत्येक नोंद हा एक स्वतंत्र कागद असतो आणि त्यावर वाटेल ती कलमे लिहिता येतात. मोंगोडीबी हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. तिसरी जात रुंद ओळींची. तीतले कॅसँड्रा हे कोठार फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी घडविले व २००८ साली ते सर्वांसाठी खुले झाले. यांतले लक्ष्मण हे डायनॅमोच्या निबंधाच्याही लेखकांपैकी एक. चौथी जात जाळ्यांची, जिच्यात कोण कोणाशी जोडलेले आहे हेच मुख्य असते. येथे आम्ही यापुढे कागदांच्या कोठाराबद्दलच बोलू, कारण लहान संस्था जातात त्या बहुधा तिकडेच.

एखादे नगर वाचनालय घ्या. कोष्टकांच्या पद्धतीत सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन कोष्टके होतील. ‘अमुक सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत?’ हा प्रश्न असो, की ‘अमुक पुस्तक सध्या कोणाकडे आहे?’ हा असो, देवघेवीच्या कोष्टकातून दोन्हींची उत्तरे निघतात. उद्या कोणी ‘गेल्या पावसाळ्यात चरित्रे अधिक गेली की कादंबऱ्या?’ असे विचारले, तरी मांडणी बदलावी लागत नाही. म्हणजे जुन्या पद्धतीत आपण वस्तुस्थिती मांडतो आणि प्रश्न मागाहून येतात.

कागदांच्या पद्धतीत हा क्रम उलटा आहे. आधी प्रश्न ठरवावे लागतात. खिडकीवर सभासदच येतो, म्हणून प्रत्येक सभासदाचा एक कागद करावयाचा आणि त्याने नेलेली पुस्तके त्याच्याच कागदावर लिहावयाची. एक कागद उचलला की काम झाले, वेग उत्तम. पण पुस्तकाच्या बाजूने प्रश्न आला की सर्व सभासदांचे कागद धुंडाळण्याची पाळी. त्यावर उपाय म्हणजे धुंडाळणे सोपे करणारी वेगळी सूची ठेवणे, किंवा पुस्तकाच्याही कागदावर सभासदाचे नाव लिहून ठेवणे. दुसरा उपाय केला की एक गोष्ट दोन ठिकाणी झाली. सभासदाने नाव किंवा पत्ता बदलला की दोन्ही ठिकाणी बदलावयाचा, आणि तो बदलला की नाही हे पाहणारा कारकून जागेवर नाही! शिवाय जुन्या सभासदाचा कागद वर्षानुवर्षे लांबत जातो. मोंगोडीबीत एका कागदाला सोळा मेगाबाइटची मर्यादा आहे. वाचनालयाचा सभासद तेथवर पोचणार नाही, पण दर मिनिटाला पाण्याची पातळी नोंदविणारे यंत्र, सारे एकाच कागदावर लिहीत राहिले तर, पोचू शकते. म्हणून कोष्टकागणिक एक कागद असा सरळ उतारा करणे चूक, आणि सारे एकाच कागदावर कोंबणे हीही चूक. जे एकत्र वाचले जाते ते एकत्र ठेवावे आणि जे स्वतंत्रपणे बदलते ते वेगळे ठेवावे, या दोन सूत्रांत ओढाताण चालते, आणि प्रत्येक संस्थेने आपल्यापुरता निवाडा करावयाचा असतो.

आता आमच्या स्वतःच्या फजितीची हकीकत. गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेचे दप्तर कोष्टकांतून कागदांच्या कोठारात हलविण्याच्या कामात आम्ही सल्लागार होतो. हेतू चांगला होता. अर्जाचा नमुना दरवर्षी बदले आणि दर वेळी कोष्टकात नवे रकाने घालावे लागत. नव्या कोठारात ती कटकट नव्हती. स्थलांतर एका रात्रीत झाले. ओळी मोजल्या, कागद मोजले, आकडे जुळले. सर्वांनी चहा घेतला.

त्या वर्षी नियम होता की, अमुक सालच्या १ जूनला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच शिष्यवृत्ती मिळेल. आता १ जून या तारखेचे माहात्म्य आपणांस ठाऊक आहे. खेड्यापाड्यांत कित्येक मुलांची नेमकी जन्मतारीख घरी कोणाला सांगता येत नसे, आणि गुरुजी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकीत. त्यामुळे अर्जदारांत १ जूनची मुले-मुली अनेक होती. जुन्या कोष्टकात तारीख म्हणजे नुसती तारीख होती. नव्या कोठारात नुसत्या तारखेची सोय नाही; तेथे तारखेबरोबर वेळही असते आणि ती ग्रीनिचच्या घड्याळाने मोजलेली असते. आमच्याकडे १ जूनच्या मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा ग्रीनिचला ३१ मेचे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. यंत्राने प्रत्येकाची जन्मतारीख इमानाने साडेपाच तास मागे नेऊन ठेवली, आणि यादी करणाऱ्या प्रोग्रॅमने तीतली फक्त तारीख वाचली. १ जूनची सारी मुले ३१ मेची झाली, आणि यादीतून गळली.

हे कळले कसे, तर एका मुलीचे वडील शाळेचा दाखला घेऊन कार्यालयात आले. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, “संगणकात ३१ मे आहे.” ते म्हणाले, “साहेब, दाखल्यावर १ जून आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तुमच्याच कागदावर १ जून होता.” त्यांनी तो जुना कागद जपून ठेवला होता म्हणून गोष्ट उघडकीस आली. दोन दिवसांत यादी दुरुस्त झाली. परंतु त्या मुलीच्या महाविद्यालयाची शुल्क भरण्याची मुदत तेवढ्यात उलटली होती, आणि तिला पुढच्या वर्षी प्रवेश घ्यावा लागला. आकडे जुळले म्हणून चहा पिणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्या दिवसापासून आम्ही मोजणीवर विश्वास ठेवीत नाही. किती नोंदी आल्या एवढे मोजणे म्हणजे लग्नघरी आलेल्या पेट्या मोजणे; आत काय आहे ते उघडून पाहावे लागते. पैशांचेच पाहा. दशांश पद्धतीत एक-तृतीयांश नेमका लिहिता येत नाही, तसा यंत्राच्या द्विमान पद्धतीत एक-दशांश नेमका लिहिता येत नाही. काळजी न घेता रकमा साध्या अपूर्णांकांत उतरविल्या तर बेरजेत पैशाचा फरक पडू लागतो. म्हणून रक्कम पूर्ण पैशांत ठेवावी किंवा त्यासाठी असलेला खास दशांश प्रकार वापरावा. रिकाम्या जागेचेही तसेच. कोष्टकातला रकाना रिकामा असतो तेव्हा निदान रकाना तरी दिसतो. कागदावर कलम रिकामे असू शकते, किंवा मुळात नसूच शकते. दोहोंचे अर्थ निराळे. आमच्या त्या शिष्यवृत्तीच्या अर्जांत ‘मोबाईल’, ‘मोबाइल’ आणि ‘फोन’ अशी एकाच गोष्टीची तीन कलमे निघाली. एका नावाने शोधले की बाकीच्या दोन नावांखालची मुले सापडत नव्हती. कोष्टकाच्या कारकुनाने दुसरे नाव उच्चारताच हरकत घेतली असती.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक खोडा आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्या अक्षराचे स्वतःचे चिन्ह वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडणारा वर्ण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कित्येक जुनी कोठारे शब्द ताडून पाहताना असले बारीक भेद पोटात घालतात. नवे कोठार, मुद्दाम सांगितले नाही तर, चिन्हाला चिन्ह ताडून पाहते. मग कऱ्हाडची निम्मी माणसे एका कऱ्हाडात आणि निम्मी दुसऱ्या कऱ्हाडात राहू लागतात. तेव्हा हलविण्यापूर्वी सर्व नावे एका प्रकारची करून घेणे हे काम कंटाळवाणे असले तरी सोडू नये.

मोठ्या संस्थांना रविवारची सुटीही घेता येत नाही. चालू दुकानात, गिऱ्हाईक समोर उभे असताना, वह्या बदलावयाच्या असतात. त्याची रीत आता बरीचशी ठरून गेली आहे. प्रथम नवे व्यवहार जुन्या व नव्या अशा दोन्ही वह्यांत लिहू लागतात. खरी मानतात ती जुनीच. मग मागच्या नोंदी थोड्याथोड्या उतरवितात. पुढे प्रत्येक प्रश्न दोन्ही वह्यांना विचारतात, गिऱ्हाइकाला जुनीचे उत्तर देतात, आणि दोन उत्तरांत फरक आढळला तर त्याची टिपणी ठेवतात. फरक नाहीसे झाले की नवी वही खरी मानतात, पण जुनी तशीच लिहीत राहतात, म्हणजे परतीची वाट राहते. आमच्या शिष्यवृत्तीच्या कामात एक आठवडा जरी दोन्ही वह्यांना प्रश्न विचारले असते तरी १ जूनची गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली असती.

नेटफ्लिक्सची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. ही कंपनी तेव्हा चित्रपटांच्या तबकड्या टपालाने घरोघर पाठवी. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचे कोठार बिघडले आणि तीन दिवस एकही तबकडी रवाना करता आली नाही. एका टेबलावर सारे विसंबून ठेवण्याचा धडा घेऊन त्यांनी स्थलांतर आरंभिले. ते संपले जानेवारी २०१६ मध्ये. सात वर्षांहून अधिक काळ! कोणी काय पाहिले यांसारख्या अफाट नोंदी कॅसँड्रात गेल्या. पण गिऱ्हाइकांच्या वर्गणीचा हिशेब अगदी शेवटी हलविला, आणि तो ऑरेकलमधून काढून ठेवला कोठे, तर प्रामुख्याने मायएसक्यूएल या कोष्टकांच्याच कोठारात. अमेझॉननेही २०१९ साली जाहीर केले की आपल्या दुकानाची सुमारे साडेसात हजार ऑरेकल कोठारे आपण रिकामी केली. त्यांतले पुष्कळ डायनॅमोडीबीत गेले, पण पुष्कळ पुन्हा नव्या प्रकारच्या कोष्टकांतही गेले. यातला दुसरा भाग सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आणि उलट वाटेने परतणारेही आहेत. लंडनच्या गार्डियन वृत्तपत्राचे लेख एके काळी ऑरेकलच्या कोष्टकांत होते, तेथून ते मोंगोडीबीत गेले, आणि २०१८ साली तेथूनही निघून पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे पुन्हा कोष्टकांच्या कोठारात आले. लेख वीस लाखांहून अधिक होते आणि वृत्तपत्र एक दिवसही थांबले नाही. त्यांनी मध्ये एक दुभाषा बसविला होता. तो आलेली प्रत्येक मागणी दोन्ही कोठारांना देई आणि उत्तरे ताडून पाही. कोष्टकांत आले म्हणजे लेखांचे तुकडे करून रकान्यांत बसविले असेही नाही. पोस्टग्रेसमध्ये २०१४ पासून एका रकान्यात सबंध कागद ठेवून त्यात शोध घेण्याची चांगली सोय झाली आहे, तिचा त्यांनी लाभ घेतला. दुसऱ्या बाजूने मोंगोडीबीनेही २०१८ साली अनेक कागदांवरच्या नोंदींना एकच नोंद मानण्याची सोय केली. दोन्ही घराणी एकमेकांच्या रीती उचलीत आहेत.

आमच्या त्या संस्थेत शेवटी काय केले ते सांगतो. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, संपर्काचा क्रमांक आणि दिलेली रक्कम एवढे पुन्हा कोष्टकांत आणले. तेथे कारकून बसला आहे. अर्जाची बाकीची, दरवर्षी बदलणारी कलमे कागदांच्या कोठारातच राहिली. ही वाटणी आम्ही आमच्या स्नेह्यांना ऐकविली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे हक्काची नोंद सातमध्ये आणि पिकाची बारामध्ये. हे आम्ही तुम्हांला पहिल्याच दिवशी सांगितले असते.” त्यांनी विचारले, जुने यंत्र टाकून दिलेत का? दिलेले नाही. ते त्या कार्यालयाच्या कोपऱ्यात अजून चालू आहे. त्यात आता नवे काही लिहीत नाहीत, फक्त पाहतात. चालू सालचे लेखापरीक्षण पुरे झाल्यावर ते बंद करावयाचे असे ठरले आहे.